व्याज तिथंच राहू दे

यूनुस परकारला कुणी काही विचारलं आणि तो 'मला माहीत नाही' म्हणाला, असं सौदीतल्या अल-खोबरमध्ये कुणाच्या ऐकिवात नव्हतं. इकाम्यावर, म्हणजे सौदीत राहायच्या परवान्यावर, पेशा कसा बदलायचा, मुलीला सायन्सला घालावं की कॉमर्सला, दागिन्यांची जकात आजच्या भावाने काढायची की घेतल्या भावाने, काहीही विचारा. माणूस प्रश्न घेऊन यायचा आणि उत्तर घेऊन जायचा. रमजान आला की दापोली-मंडणगडकडची अर्धी मंडळी त्याच्या दिवाणखान्यात मांडी घालून बसलेली. त्याची बायको बिलकिस चहाचा ट्रे फिरवता फिरवता म्हणायची, "कबरेत फरिश्ते सवाल विचारतील तवा पन हे आपले सवाल सोडून शेजाऱ्याचे जवाब देत बसतील."

लोक हसायचे, यूनुसही हसायचा. मनातून त्याला ते आवडायचं. त्याची उत्तरं बहुतेक बरोबर असत, आणि जी चुकत ती लोक विसरून जात, कारण ती फार जीव लावून दिलेली असत. माणूस वाईट नव्हता. एवढंच, की आपल्याला विचारलं गेलं याचा आनंद त्याला उत्तर बरोबर आलं यापेक्षा थोडा जास्त व्हायचा.

नोकरी हिशेबाच्या एका छोट्या ऑफिसात, गालिच्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. मालक सौदी, तो ईदच्या आगेमागे दर्शन देई. कारभार केरळच्या एका मॅनेजरच्या हातात. आसपास तेल कंपन्या, त्यामुळे अमेरिकन पासपोर्टवाली गिऱ्हाइकं पुष्कळ, आणि अमेरिकेचा नागरिक कुठल्याही वाळवंटात जाऊन बसला तरी दरवर्षी त्याला अमेरिकेच्या सरकारपुढे आपला कर मांडावा लागतो. ते काम अहिल्याचं. ती मूळची कराडची, नवऱ्याबरोबर काही वर्षं ह्यूस्टनला राहिलेली, तिथली कराची परीक्षा पास झालेली. शेहेचाळीस वर्षांची, भराभर बोलणारी, भराभर चालणारी. सौदीत बायकांना गाडीचं लायसन्स मिळू लागलं तेव्हा पहिल्या झटक्यात काढून आलेली. तिचा नवरा विश्वनाथ इंजिनियर, तो महिन्यातले बरेच दिवस वर हफ्र अल बातिनच्या साइटवर असे.

यूनुसला अमेरिकेचा कर येत नव्हता. तो गिऱ्हाइकं सांभाळायचा. अहिल्या सांगायची काय करायचं ते, आणि यूनुस ते गिऱ्हाइकाला त्याच्या कलाने, त्याच्या भाषेत समजावून द्यायचा. जोडी चांगली जमली होती. ती त्याला यूनुसभाई म्हणायची आणि डब्यातलं थालीपीठ अर्धं त्याच्या टेबलावर ठेवायची.

तबस्सुमचं काम त्याच्याच ओळखीने आलं. ती मंडणगडकडचीच, यूनुसच्या लांबच्या नात्यातली. बापाने कुवेतहून अमेरिका गाठली, मुलगी तिथेच शिकली, तिथलीच नागरिक झाली, आणि आता सौदीतच, थुवालच्या विद्यापीठात संशोधनाला आली होती. तिच्या कागदांत अहिल्याला एक गोम सापडली. अमेरिकेत आजारपणासाठी पैसा बाजूला ठेवायचं एक खातं असतं. त्यावर कर माफ. पण सरकार माफी देतं तेव्हा कुंपणही घालतं. वर्षाला अमुकच ठेवायचे, तेही त्यांच्या ठरावीक विम्याखाली तुम्ही जितके महिने असाल तितक्याच महिन्यांपुरते. तबस्सुमने जानेवारीतच वर्षभराचे भरून टाकले आणि वसंत ऋतूत नोकरी सोडून थुवालला आली. इथला विमा वेगळा. म्हणजे पंगतभर वाढून घेतलं आणि पहिल्या भातालाच उठली. जास्तीचं भरलेलं मुदतीच्या आत बाहेर काढायला हवं होतं.

ऑफिसच्या छोट्या पॅन्ट्रीत चहा गाळता गाळता अहिल्याने त्याला ते सांगितलं. "यूनुसभाई, तबस्सुमना नीट समजावा हं. नुसती मुद्दल काढून चालणार नाही. तिच्यावर जे वाढलंय तेही बाहेर आलं पाहिजे. आणि साधे पैसे काढायचे नाहीत, 'जास्तीचे भरले होते ते परत' असं बँकेला सांगून काढायचे. काट्याचं टोक आत राहिलं ना, तर पाय पिकतोच."

"सांगतो की. आपलीच मुलगी," यूनुस म्हणाला.

"मी मेल टाकू का त्यांना?"

"कशाला? माझ्याशी रोज बोलते ती."

आणि त्याने सांगितलंही. अगदी जसंच्या तसं. पण तबस्सुमने फोनवर विचारलं, "चाचा, ते जे वर वाढलंय ते व्याजच ना? अब्बा म्हणायचे, सूदाला हात लावायचा नाही. ते काढून मी काय करू?"

झालं. प्रश्न आला. समोर इतकी शिकलेली पोर, अमेरिकेत वाढलेली, आणि तिला अजून सूद-हरामची चाड आहे, आणि विचारते कुणाला, तर आपल्याला! यूनुसचा ऊर भरून आला. अहिल्याचं वाक्य त्या क्षणी त्याच्या डोक्यात होतं, चांगलं होतं. पण सूदापुढे अमेरिकन कायद्याची काय मातब्बरी, असं त्याला वाटलं. आणि त्याहून खरं म्हणजे, 'थांब, विचारून सांगतो' हे शब्द त्याच्या तोंडाला सवयीचेच नव्हते.

"अजिबात हात लावू नको, बेटा. आपले टाकलेले तेवढे जास्तीचे काढ, नेहमी काढतात तसे. व्याज तिथंच राहू दे."

"पण ते अहिल्यामॅडमना चालेल?"

"अगं, मी बसलोय ना इथं."

तबस्सुमने तसंच केलं. यूनुसने अहिल्याला सांगितलं, "काढले तिने." रिटर्न गेलं, उन्हाळा गेला, आणि सगळे ते विसरले.

पुढच्या वर्षाच्या शेवटी अमेरिकेहून पत्र आलं. सरकारचं म्हणणं साधं होतं. या बाईंनी आजारपणाच्या खात्यातून पैसे काढले, ते आजारपणासाठी काढलेले दिसत नाहीत, आणि जास्तीचे परत घेतले म्हणावं तर त्यावरची वाढ आतच आहे. तेव्हा कर भरा आणि वर दंड भरा. रक्कम कुणाचं घर बुडवणारी नव्हती. पण ऑफिसची पद्धत अशी की चूक आपली असेल तर दंड आपण भरायचा, आणि मग मॅनेजरला मालकासमोर कुणाचं तरी नाव सांगावं लागायचं.

त्याने दोघांना केबिनमध्ये बोलावलं. हिंदीत विचारलं, वाढ काढायची हे गिऱ्हाइकाला सांगितलं होतं का?

"मी यूनुसभाईंना सांगितलं होतं," अहिल्या लगेच म्हणाली. "पॅन्ट्रीत. चहा करताना. मला आठवतंय, मी काट्याचं काहीतरी म्हटलं होतं. हो ना, यूनुसभाई?"

यूनुस बोलायला गेला आणि त्याच्या डोळ्यांपुढून एकदम सगळं गेलं. 'हो' म्हणायचं तर पुढे सांगावं लागणार की मग तुम्ही गिऱ्हाइकाला उलट का सांगितलं. म्हणजे सूदाचं निघणार. या केरळी माणसापुढे, उद्या मालकापुढे, परवा जमातीत. साठी जवळ आलेली, इकाम्याचं नूतनीकरण दारात, आणि जिकडेतिकडे जुन्या माणसांच्या जागी सौदी पोरं घ्यायची चर्चा.

"आठवत नाही बुवा," तो म्हणाला.

तेवढंच. तो 'तुम्ही सांगितलं नाही' असंही म्हणाला नाही. त्याला त्या वेळी वाटलं, हे काही खोटं नव्हे, ही नुसती पळवाट आहे. अहिल्या भांडेल, 'अहो असं काय करता' म्हणेल, आवाज चढवेल, प्रकरण दोघांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत राहील आणि मिटून जाईल, असा त्याचा हिशेब होता.

अहिल्या भांडली नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे, एखाद्याला रस्ता विचारावा तसं. मग हळूच म्हणाली, "मग मला कसं काय इतकं स्पष्ट आठवतंय?" आणि मॅनेजरकडे वळून म्हणाली, "माझंच काहीतरी झालं असेल. सॉरी."

बाहेर आल्यावर तिने यूनुसचीही माफी मागितली. "तुमचं नाव उगीच घेतलं, यूनुसभाई. मनावर घेऊ नका." आणि मग तिने जे सांगितलं ते ती ऑफिसात कधी बोलली नव्हती. कराडला तिच्या आईला विसरण्याचा आजार होता. सुरुवात अशीच झाली होती. आई शपथेवर सांगायची की मी दूधवाल्याचे पैसे दिले, मी दाराला कुलूप लावलं, आणि दिलेले नसायचे, लावलेलं नसायचं. "आईला तेव्हा पन्नाशीही लागली नव्हती. आता मला ताई म्हणते. मी तिची बहीण आहे असं वाटतं तिला."

यूनुसला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. त्याला ते कळलंही. त्याच्या जिभेवर शब्द आलेही, आणि मॅनेजर केबिनचं दार उघडून बाहेर आला म्हणून त्याने ते गिळले. नंतर तो स्वतःला म्हणत राहिला की मॅनेजर आला नसता तर मी बोललो असतो. पण मॅनेजर तर लिफ्टने खाली निघून गेला होता.

त्याने तबस्सुमला फोन केला. मनात अशी वेडी आशा की तीच काहीतरी बोलली असेल, आपलं नाव आधीच फुटलं असेल, म्हणजे आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. तबस्सुम म्हणाली, "चाचा, मॅनेजर विचारत होते मला. मी म्हटलं, ऑफिसमधून जसं सांगितलं तसं केलं. तुमचं नाव नाय घेतलं. आपल्या मानसाचं नाव कसं घ्यायचं?" यूनुस 'जीती रहो' म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. आपल्या माणसाला वाचवायला ती पोर गप्प बसली होती. त्या गप्प बसण्याखाली कोण चिरडतंय ते तिला ठाऊक नव्हतं. याला ठाऊक होतं.

जुम्म्याला नमाज झाल्यावर त्याने मौलानांना आडून विचारलं. एका ओळखीच्या माणसाने व्याज खात्यातच सोडून दिलं, बरोबर केलं ना? मौलाना म्हणाले, "बँकेत सोडायचं कशाला? काढून घ्यावं, सवाबाची, पुण्याची आशा न धरता गरजवंताला देऊन टाकावं. आपल्याकडे लोक त्या पैशातून संडास बांधून देत नाहीत का?" खरं तर हे यूनुसने शंभर वेळा ऐकलेलं होतं. त्याच्याच गावच्या एसटी स्टँडमागचा संडास अशाच पैशातून उभा राहिला होता. म्हणजे तबस्सुमला त्याने सांगितलं ते कायद्यातही बसत नव्हतं आणि धर्मातही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं.

इकडे अहिल्या बदलत चालली. तळहातावर पेनने काहीबाही लिहून आणायची. एकच फाइल उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. यूनुसला काही सांगितलं की जरा वेळाने परत यायची, "मी तुम्हाला सांगितलं ना आत्ता?" तो घाईघाईने म्हणायचा, "हो, हो, सांगितलंत." ती मान हलवायची, पण तिचा विश्वास बसलेला दिसायचा नाही. मग एक दिवस ती टॅक्सीने आली. गाडी बंद पडली का, असं कुणीतरी विचारलं. "गाडी ठीक आहे. मीच चालवत नाही सध्या. उगीच रिस्क नको," ती म्हणाली. थालीपीठ ती अजूनही त्याच्या टेबलावर ठेवायची. ते त्याला खाववेना, आणि टाकून देववेना. तो ते कागदात गुंडाळून घरी न्यायचा आणि बिलकिसला म्हणायचा, "तू खा."

"तुमाना काय झालाय तरी काय?" बिलकिस विचारायची. "लोक सवाल विचारतात नि तुमी बघत बसताव."

ते खरं होतं. कुणी काही विचारायला आलं की त्याला भीती वाटायची. एकदा अहिल्यानेच विचारलं. "यूनुसभाई, तुम्ही रोज बघता मला. विश्वनाथ तिकडे असतात, त्यांना काय कळणार? खरं सांगा. मी बदलले का?"

सगळ्या खोबरला उत्तरं देणारा माणूस म्हणाला, "नाही... तसं काही... तुम्ही ठीक आहात." आवाज इतका मेलेला, की ती समजुतीने हसली. हे मला वाईट वाटू नये म्हणून बोलतायत, असं तिला वाटलं.

मग तिने सांगितलं की ती मेंदूच्या डॉक्टरला दाखवून आली, त्यांनी एमआरआय करायला सांगितलाय, आणि महिनाअखेर नोकरी सोडायचं ठरवलंय. "लोकांच्या करांशी खेळ नको. आज दंडावर भागलं." विश्वनाथला साइटवरून निघता येत नव्हतं. "भाभींना घेऊन याल का माझ्याबरोबर हॉस्पिटलला? एकटीने जायची भीती वाटते."

यूनुस 'हो' म्हणाला. नाही कसं म्हणणार?

हॉस्पिटलमध्ये एमआरआयच्या खोलीबाहेर तिघांनी बसायचं होतं. नर्सने अहिल्याला निळा गाऊन दिला आणि अंगावर धातूचं काही ठेवू नका असं सांगितलं. अहिल्याने बांगड्या काढल्या, कानातलं काढलं. मंगळसूत्रापाशी तिचा हात थांबला. "लग्नापासून काढलं नाही हो हे," ती बिलकिसला म्हणाली, आणि हसायला गेली. हुक निघेना. बिलकिसने मागून हुक काढून दिला आणि ते आपल्या ओढणीच्या टोकात बांधून गाठ घट्ट ओढली.

"भाभी, मेंदूत डागच निघाला तर?" अहिल्या म्हणाली. "आईसारखं झालं तर विश्वनाथला मी ओळखणार पण नाही. मी त्यांना सांगून ठेवलंय, मला इंडियात कुठेतरी ठेवा आणि तुम्ही मोकळे व्हा."

"तौबा, असं काय बोलतेस?" बिलकिसने तिला जवळ घेतलं. "अल्ला बरा करील."

नर्सने आतून अहिल्याचं नाव पुकारलं. अहिल्या उठली.

"जाऊ नका," यूनुस म्हणाला.

दोघी त्याच्याकडे बघायला लागल्या. तोही उभा राहिला होता, आणि त्याला स्वतःला कळत नव्हतं की आपण कधी उठलो.

"तुम्ही सांगितलं होतं मला. पॅन्ट्रीत. चहा गाळत होतात. मुद्दल एकटी काढून चालणार नाही म्हणालात, काट्याचं टोक आत राहिलं तर पाय पिकतो म्हणालात. मेल टाकू का असंही विचारलंत, मीच नको म्हटलं. मग तबस्सुमला मी उलटंच सांगितलं. व्याज तिथंच राहू दे म्हटलं. मोठेपणा मिरवायला." तो थेट तिच्याकडे वळला. "तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही, अहिल्याताई. मला त्या दिवशीही सगळं आठवत होतं. मी हरामखोर माणूस आहे."

बिलकिसच्या तोंडून "या अल्ला" एवढंच निघालं.

यूनुस वाट बघत होता. ती थोबाडीत मारील, ओरडेल, सगळं हॉस्पिटल गोळा करील. त्याला ते हवं होतं. इतके दिवस त्याला त्याचीच भूक लागली होती.

अहिल्या पुन्हा बाकावर बसली. "काट्याचं मी म्हटलं होतं?" तिने विचारलं.

"हो."

"चहा गाळताना?"

"हो. गवती चहा घातला होता तुम्ही."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. तिने बिलकिसचे हात धरले, गाऊनच्या बाहीने डोळे पुसले, पुन्हा हसली. नर्स दारात येऊन उभी राहिली तर तिला हाताने थांब म्हणाली. यूनुसकडे तिने बघितलंसुद्धा नाही. रागावून नव्हे, तिला त्याच्यासाठी तेव्हा सवडच नव्हती. तिने पर्समधून फोन काढला आणि विश्वनाथला लावला.

"अहो, मी विसरले नव्हते! ऐकताय ना? ते पत्राचं. मी सांगितलं होतं, मला बरोबर आठवत होतं!"

पलीकडून काही ऐकू येईना. ती "हॅलो, हॅलो" करत राहिली. मग फोनमधून एका मोठ्या माणसाचं रडणं ऐकू आलं, दाबलेलं, साइटवर चार माणसं आजूबाजूला असताना कुणी रडावं तसं. इतक्या दिवसांत यूनुसने अहिल्याचा विचार केला होता, स्वतःचा तर पुष्कळच केला होता. हा माणूस त्याच्या ध्यानातही आला नव्हता.

"यूनुसभाई आहेत ना तिथं?" विश्वनाथचा आवाज आला. "दे त्यांना जरा."

अहिल्याने फोन पुढे केला. आता तिने यूनुसकडे बघितलं, पहिल्यांदाच नीट, आणि तिचं हसू हळूहळू उतरत गेलं. बिलकिस ओढणीची गाठ सोडत होती. ती सुटत नव्हती, आणि तिने मान वर केली नाही.

"यूनुसभाई," विश्वनाथ म्हणाला, "मी इथं अडकलोय, आणि तुम्ही सख्ख्या भावासारखे तिच्याबरोबर गेलात. तुमचे उपकार मी कसे..."

"विश्वनाथ," यूनुस म्हणाला, "थांबा. आधी माझं ऐका."